खंडेनवमीच्या पाटावरील पिस्तूल

गेल्या गणेशोत्सवात दिल्लीतील आमच्या मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त अधिकाऱ्यांचे भाषण झाले. विषय होता 'मराठी माणूस आणि शस्त्र'. वक्ते बहुश्रुत, वाणी ओघवती आणि विषय असा की ऐकणाऱ्याची छाती आपोआप दोन बोटे पुढे यावी. महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबात निदान एक तरी परवान्याचे पिस्तूल असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्वत: त्यांनी ते घेतलेले आहे आणि ते कंबरेला लावून लग्नसमारंभास गेल्यापासून शेजारी त्यांना 'बाबूजी' न म्हणता 'ठाकूरसाहेब' म्हणू लागले आहेत, हे त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले. टाळ्या पुष्कळ पडल्या. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर पहिल्या टाळ्यांत माझ्याही दोन होत्या.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लिपिक आहे. अर्ज भरणे, टिपणी लिहिणे आणि फाइल योग्य त्या टेबलावर पोचविणे, हीच काय ती माझी विद्या. ती मंडळात सर्वांस ठाऊक असल्यामुळे भाषण संपताच तिघांनी मला गाठले आणि पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज कसा भरावा, हे विचारले. त्यांतील एकजण तर म्हणाले, "तुमच्या घरी वडिलोपार्जित आहे ना? मग तुम्हांला सगळे माहीत असणार." होय, आमच्या घरी आहे. आणि मला सगळे माहीत आहे, म्हणूनच मी तो अर्ज भरून देणार नाही. त्या तिघांना त्या गर्दीत जे सांगता आले नाही ते येथे सांगतो.

वक्त्यांचे म्हणणे अन्याय न करता मांडावयाचे तर त्याचे तीन भाग होतात. पहिला असा की, इंग्रजांनी आपल्याला नि:शस्त्र केले आणि तो कलंक प्रत्येकाने आपल्यापुरता तरी पुसला पाहिजे. दुसरा असा की, शस्त्र ही आपली परंपरा आहे आणि अलीकडच्या काळात क्रांतिकारकांनी ती पिस्तुलाच्या रूपाने चालविली. तिसरा भाग व्यवहाराचा. परमुलखात आपले कोणी नाही, तेव्हा बायकामुलांच्या रक्षणासाठी घरात काही असावे. या तिन्ही गोष्टी ऐकताना खऱ्या वाटतात. प्रत्येकीत थोडे सत्य आहे आणि त्या थोड्या सत्यावरच सगळी फसगत उभी आहे.

प्रथम कलंकाची गोष्ट घेऊ. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत शस्त्रांचा कायदा झाला, तो अपमानकारक होता यात शंका नाही. पण त्याचा अपमान कशात होता? हत्याराला परवाना लागतो, एवढ्यात तो नव्हता. युरोपीय माणसाला त्यातून सूट होती आणि हिंदी माणसाला नव्हती, या भेदात तो होता. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध ठराव झाले ते याचसाठी. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही आपल्या आत्मकथेत त्या कायद्याचा कठोर निषेध केलेला आहे. तो भेद गेला. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५९ साली नवा कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. तो सर्वांस सारखा लागू आहे. आपल्याच प्रतिनिधींनी केलेल्या नियमाला परक्याने लादलेल्या बेडीचे नाव देणे म्हणजे इतिहासाचा केवळ भावनेसाठी उपयोग करणे होय.

किंबहुना, तो जुना भेद आज कोठे शिल्लक असेल तर तो परवाना मिळविण्याच्या प्रतिष्ठेतच आहे. २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यांपैकी जवळजवळ १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. मध्य प्रदेशात सुमारे २ लाख ४७ हजार, तर त्याहून मोठी लोकसंख्या असलेल्या महाराष्ट्रात अवघे ८४ हजार. मध्य प्रदेशातील माणसाचा जीव महाराष्ट्रातील माणसाच्या तिप्पट धोक्यात आहे, असे कोणी म्हणणार नाही. आकड्यांतला फरक भीतीचा नसून हौसेचा आहे. चंबळच्या परिसरात या हौसेला इतका भाव आहे की २००८ साली शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना निघाली, आणि २०१९ साली ग्वाल्हेर जिल्ह्यात परवाना मागणाऱ्याने दहा झाडे लावावीत अशी अट आली. या योजना काढणाऱ्या अधिकाऱ्यांना मी हसत नाही. त्यांनी माणसांची नाडी बरोबर ओळखली. ज्या वस्तूसाठी माणूस शस्त्रक्रिया करून घेतो आणि झाडेही लावतो, ती वस्तू त्याला रक्षणासाठी हवी असते की मिरविण्यासाठी, हे निराळे सांगावयास नको. आपले वक्ते 'ठाकूरसाहेब' या हाकेने सुखावले, त्यातच त्यांच्या भाषणाचे मर्म होते. मराठी माणसाचा बाणा जपण्याची भाषा करीत त्यांनी दुसऱ्यांची पदवी अंगाला लावून घेतली.

आता परंपरेकडे वळू. या प्रांतात पाय जपून टाकला पाहिजे, कारण येथे हुतात्म्यांच्या समाधी आहेत. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून चोरवाटेने पाठविलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक होते. पुढच्या एप्रिलमध्ये कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे हे तिघे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात सॉन्डर्सवर चाललेले भगतसिंगांचे कोल्ट पिस्तूल, क्रमांक १६८८९६, कित्येक वर्षे इंदूर येथे सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेच्या संग्रहात अनोळखी पडून होते. २०१६ साली ते ओळखू आले आणि नंतर हुसैनीवाल्याच्या संग्रहालयात गेले. चंद्रशेखर आझादांचे कोल्ट प्रयागच्या संग्रहालयात आहे.

यांच्या मार्गाविषयी मतभेद असू शकतात, त्यागाविषयी नाहीत. पण आमच्या वक्त्यांनी या नावांशी आपल्या परवान्याचे नाते जोडले, तेव्हा मला राहवले नाही. कान्हेऱ्यांनी पिस्तूल विकत घेतले नव्हते, बाळगले नव्हते, मिरविले नव्हते. ते हाती आले त्याच दिवशी त्यांनी आपले आयुष्य त्याच्याबरोबर वजनात टाकले. आपण मात्र तीन प्रतींत अर्ज करणार, चारित्र्याचा दाखला जोडणार, पोलिसांचा अभिप्राय अनुकूल यावा म्हणून ठाण्यात दोनदा चहा पिणार आणि मग मिळालेल्या पिस्तुलावर हात ठेवून त्या अठरा वर्षांच्या मुलाचे नाव घेणार! सरकारची परवानगी घेऊन केलेल्या खरेदीला क्रांतीची परंपरा म्हणता येत नाही. तिला खरेदीच म्हणावे.

शिवाय परंपरा सांगावयाची तर ती निवडून सांगता येत नाही. माझा जन्म ग्वाल्हेरचा. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. ग्वाल्हेरात मराठी माणूस पाहुणा नव्हता, घरचा होता. त्याच ग्वाल्हेरात २८ जानेवारी १९४८ रोजी एक पिस्तूल हातोहात मिळाले. इटलीच्या सैन्यासाठी बेरेट्टा कंपनीने घडविलेल्या १९३४ च्या नमुन्याचे, क्रमांक ६०६८२४. परवाना नव्हता. दोन दिवसांनी दिल्लीच्या बिर्ला भवनाच्या हिरवळीवर त्यातून तीन गोळ्या सुटल्या. ज्या हातांनी ते पिस्तूल मिळविले ते मराठी होते. त्याचे प्रायश्चित्त मात्र कऱ्हाड, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतील अशा कित्येकांच्या घरांनी जळून घेतले, ज्यांनी पिस्तूल चित्रातही पाहिले नसेल. त्या तीन गोळ्यांपैकी एक राजघाटासमोरच्या गांधी संग्रहालयात, रक्ताने माखलेल्या वस्त्राशेजारी ठेवलेली आहे. दिल्लीत नव्याने बदलून आलेल्या मराठी बंधूंना आपण लाल किल्ला दाखवितो, कुतुब दाखवितो. ही गोळी फारसे कोणी दाखवीत नाही.

आमच्या घरी १९४८ च्या फेब्रुवारीतील एक गोष्ट सांगतात. आजोबांजवळ त्या वेळी .३२ चे एक कोल्ट पिस्तूल होते, रीतसर नोंदलेले. बातमी आल्यानंतर तिसऱ्या दिवशी ते आपण होऊन, कोणी बोलाविले नसता, पिस्तूल फडक्यात गुंडाळून ठाण्यावर गेले आणि फौजदारापुढे ठेवून म्हणाले, "माझे हे. क्रमांक पाहून घ्या." फौजदाराने पाहिले आणि परत दिले. आजोबा घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. ज्याने काही केले नाही त्या माणसाला "माझे हे नव्हे" असे सांगण्यासाठी ठाण्यावर जावे लागते, ही त्या पिस्तुलाची पहिली मिळकत. वस्तुत: पिस्तूल कोणाचेही नसते. ज्याच्या हाती असेल त्याचे ते होते आणि मागच्या मालकाला विचारीत नाही. घरातला पितळी तांब्या चोरीस गेला तर तांब्याच जातो. पिस्तूल गेले तर त्याच्या मागोमाग आपले नावही कोठे कोठे फिरून येते.

तेच कोल्ट आजोबांच्या मागून अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आले. आता रक्षणाच्या मुद्द्याकडे येतो, कारण त्याविषयी मला जे ठाऊक आहे ते पुस्तकातून आलेले नाही.

चार वर्षांपूर्वी हिवाळ्यात दिल्लीहून ग्वाल्हेरला जाणारी गाडी धुक्यामुळे सहा तास उशिरा पोचली. फोनची बॅटरी संपलेली. रात्री अडीचच्या सुमारास मी घरी पोचलो. अण्णांना हृदयाचा त्रास असल्यामुळे पुढचे दार वाजवून त्यांना दचकवू नये, या सद्हेतूने मी मागच्या अंगणाची भिंत चढून आत उतरलो, लहानपणी उतरत असे तसा. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचतो तो समोर अंधारात अण्णा उभे. हात पुढे केलेला. मी "अण्णा" म्हणालो, पण घशातून आवाज नीट फुटला नाही. त्याच वेळी आईने मागून दिवा लावला. त्यांच्या हातात कोल्ट होते आणि ते माझ्या छातीकडे रोखलेले होते.

चहा झाला. अण्णा हसून म्हणाले, "घाबरू नकोस, रिकामेच होते. मॅगझिन कपाटात असते. नुसते दाखवायला घेतले." मॅगझिन खरोखरच कपाटात होते. सकाळी मी ते पिस्तूल पुसावयास घेतले, नळी भिंतीकडे केली आणि वरचा सरकता भाग मागे ओढला. एक काडतूस बाहेर पडून फरशीवर घरंगळले.

ज्यांना हे यंत्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. अर्धस्वयंचलित पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक असतात. वरचा भाग एकदा मागे ओढून सोडला की स्प्रिंगच्या जोराने पुढे जाताना तो मॅगझिनमधले सर्वांत वरचे काडतूस नळीच्या मागील टोकाशी नेऊन बसवितो. चाप ओढला की गोळी सुटते आणि त्याच धक्क्याने तो भाग पुन्हा मागे जातो, रिकामे पुंगळे बाहेर फेकतो, पुढचे काडतूस बसवितो. प्रत्येक वेळी फक्त चाप ओढावयाचा. याचा अर्थ असा की मॅगझिन काढून घेतले तरी नळीत बसलेले काडतूस तेथेच राहते, आणि कित्येक जुन्या पिस्तुलांतून मॅगझिनवाचूनही ते सुटू शकते. शिवाय आमच्या कोल्टाचा घोडा आत दडविलेला. तो चढलेला आहे की उतरलेला, हे बाहेरून दिसत नाही. कोणत्या तरी खंडेनवमीला साफसफाई करताना अण्णांनी ते भरले असावे, मग मॅगझिन काढून ठेवले असावे, आणि कित्येक महिने आमच्या घरात ते 'रिकामे' पिस्तूल भरलेले पडून होते. त्या रात्री त्यांचे बोट चापावर होते की नाही, हे मी त्यांना विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

वक्ते म्हणतील, हा हाताळणाऱ्याचा दोष, हत्याराचा नव्हे. कबूल. परंतु हाताळणारा कोण? सैनिक वर्षानुवर्षे मैदानावर हजारो काडतुसे झाडतो तेव्हा कोठे अंधारात त्याच्या हाताला शहाणपण येते. आपण दिवसभर फायली हाताळणारी माणसे. परवान्यावर मिळणारी काडतुसे मोजकी, महाग, आणि त्यांचा हिशेब द्यावयाचा. अण्णांनी शेवटची गोळी झाडल्याला त्या रात्री अकरा वर्षे झाली होती. सवय नसलेला माणूस, जुने यंत्र, झोपेतून उठलेले मन आणि अंधार, या चौघांच्या भरवशावर आपण बायकामुलांचे रक्षण सोपविणार काय?

आणि येथे असा एक पेच आहे की ज्याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. पिस्तूल लहान मुलांपासून सुरक्षित ठेवावयाचे तर ते कुलपात, काडतुसे निराळ्या कुलपात, किल्ल्या निराळ्या जागी ठेवल्या पाहिजेत. परवाना घेताना सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्रही आपण लिहून देतो. पण असे ठेवले तर चोर आत शिरल्यावर दोन किल्ल्या शोधीपर्यंत तो भांडीकुंडी बांधून निघून जाईल. उलट, ते चोरासाठी तयार ठेवावयाचे तर उशीखाली भरलेले ठेवले पाहिजे, आणि मग चोर वर्षात एकदा आला तर आला, घरातला सहा वर्षांचा चिरंजीव मात्र उशीपाशी रोज येतो. हाताशी असेल तर सुरक्षित नाही, सुरक्षित असेल तर हाताशी नाही. सरकारी दोन खोल्यांच्या क्वार्टरात यातून तिसरा मार्ग काढून दाखवावा, मी माझे सर्व म्हणणे मागे घेईन.

कायद्याचाही विचार करावा. आत्मसंरक्षणाचा अधिकार पूर्वी भारतीय दंड संहितेत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. तो मोठा अधिकार आहे, पण अमर्याद नाही. रक्षणास आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि सरकारी मदत मिळविण्यास अवसर असेल तेथे तो मिळत नाही. आवश्यक काय होते, अवसर होता की नव्हता, हे आपण क्षणार्धात ठरवावयाचे आणि न्यायालयाने ते पुढे कित्येक वर्षे तपासावयाचे. निवडणुका आल्या म्हणजे अनेक जिल्ह्यांत परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करावयास सांगतात. म्हणजे गावात दंगलीची भीती अधिक असते त्याच दिवसांत आपले रक्षण मालखान्यात जाऊन बसते. आणि आपण तर बदलीची माणसे. नव्या जिल्ह्यात गेलो की मुलाची शाळा, गॅसची जोडणी, रेशनकार्ड यांच्या जोडीला परवाना अधिकाऱ्यास पत्ता बदलल्याची सूचना देणे आले.

खर्चाविषयी लिपिकाने बोलू नये तर कोणी बोलावे? डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील त्या भीषण घटनेनंतर, २०१४ साली कानपूरच्या आयुध निर्माणीने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे .३२ चे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून उच्च श्रेणी लिपिकाचे आरंभीचे मूळ वेतन २५ हजार ५०० ठरविले. म्हणजे पावणेपाच महिन्यांहून अधिक मूळ पगार. शिवाय १९६४ च्या आचरण नियमांप्रमाणे दोन महिन्यांच्या मूळ वेतनापेक्षा अधिक किमतीची जंगम वस्तू घेतली तर महिन्याच्या आत कार्यालयास कळवावे लागते. साहेबांच्या टेबलावर ते पत्र ठेवताना आपण काय लिहिणार आहोत? 'भयापोटी' की 'हौसेपोटी'? आणि ज्या मुलीच्या स्मृतीने त्या हत्याराचे नाव ठेवले गेले, ती रात्री बसमध्ये चढली होती. तिला पिस्तूल हवे नव्हते. नेमलेल्या मार्गाने जाणारी सुरक्षित बस हवी होती. ती देणे हे सरकारचे काम आहे, आणि आपण त्याच सरकारचे चाकर आहोत. आपल्या कामातली उणीव आपणच कमरेला पिस्तूल लावून कबूल करावी, हे मला लाजिरवाणे वाटते.

हौसेची बाजू मी समजू शकतो. ही यंत्रे सुंदर असतात हे मी नाकारीत नाही. युटा प्रांतातील ऑग्डेन गावचा जॉन ब्राउनिंग हा कारागीर असा की, १९११ साली अमेरिकेच्या सैन्याने स्वीकारलेले त्याचे .४५ चे पिस्तूल १९८५ पर्यंत तेथील सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले. त्याने आरंभिलेले आणि त्याच्या मृत्यूनंतर १९३५ साली बेल्जममध्ये पूर्ण झालेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल आपल्या सैन्यानेही वापरले आणि ईशापूरच्या कारखान्यात ते तयारही झाले. अमेरिकेत २०१८ पासून सैन्यातून निघालेली ती जुनी १९११ ची पिस्तुले नागरिकांस रीतसर विकली जातात आणि शौकीन लोक ती जिवापाड जपतात. तो त्यांचा देश, त्यांची घटना आणि त्यांची किंमत. आपल्याकडे .४५ आणि ९ मिलिमीटरची सैनिकी काडतुसे चालविणारी पिस्तुले सामान्य नागरिकास वर्ज्य आहेत. त्याला .३२ वर समाधान मानावे लागते. परदेशी मालाची खाजगी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ थांबल्यामुळे आजोबांच्या काळातल्या जुन्या कोल्टालाही आता लाखांत भाव येतो. म्हणजे वक्त्यांना जे शिवकालीन तेज वाटते ते पुष्कळ अंशी दुर्मिळ वस्तूच्या किमतीचे तेज आहे.

ज्यांना नेमबाजीची खरी ओढ आहे त्यांच्याविषयी माझा एक शब्दही विरुद्ध नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये रायफलीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा ते रेल्वेच्या तिकीट तपासणीच्या नोकरीत होते, म्हणजे आपल्यासारखेच केंद्र सरकारचे नोकर. मराठी माणसाने शस्त्र हाती धरावे असे ज्यांना वाटते त्यांनी मुलांना यांच्या वाटेने न्यावे. तेथे गोळी कागदाला लागते, रोज सराव असतो आणि यश लग्नातल्या वरातीत मोजले जात नाही. त्याचप्रमाणे ज्यांच्या जिवाला प्रत्यक्ष धोका आहे, अशांनी परवाना मागितला तर त्यांस हसण्याचा अधिकार मला नाही. पण आमच्या सभागृहातील दीडशे श्रोत्यांत असे किती होते? मला तरी गुडघेदुखी, मधुमेह आणि बदलीचा हुकूम याखेरीज कोणाच्या मागे शत्रू दिसला नाही.

आता माझ्यापुरते सांगतो, कारण दुसऱ्यास उपदेश करून स्वत: मोकळे राहणे बरे नव्हे. अण्णांना यंदा सत्तरावे वर्ष लागून संपले. २०१६ च्या नियमांप्रमाणे सत्तर वर्षांचा झालेला परवानाधारक आपले हत्यार आपल्या कायदेशीर वारसाच्या नावे करण्याची विनंती करू शकतो. गेल्या दसऱ्याला मी घरी गेलो होतो. आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी पाट मांडून त्यावर ते कोल्ट ठेवतात, शेजारी आईची विळी, अण्णांचा जुना टंकलेखक आणि माझे पेन. हळदकुंकू, झेंडूचे फूल. पूजा झाल्यावर अण्णांनी खिशातून घडी केलेला अर्ज काढला. वारसाचे नाव लिहिलेले होते. फक्त माझी सही हवी होती.

मी म्हणालो, "अण्णा, हे मला नको."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या बापाची वस्तू आहे."

"म्हणूनच नको," मी म्हणालो. "आजोबांना ती ठाण्यावर घेऊन जावे लागले. तुमच्या हातून ती माझ्यावर रोखली गेली. आता तिसऱ्या पिढीची पाळी मी माझ्या मुलावर आणणार नाही."

अण्णांना राग आला. दोन महिने त्यांनी मला फोन केला नाही. आईमार्फत निरोप येत. मंडळातल्या भाषणाची ध्वनिफीत कोणी तरी त्यांना पाठविली होती. ती ऐकून "तुझ्यापेक्षा ते गृहस्थ शहाणे" असाही निरोप आला. हा लेख लिहिण्यास एवढे कारण पुरेसे होते. सभागृहात टाळ्या वाजविणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की असल्या भाषणांचे प्रतिध्वनी दूरच्या गावी, एखाद्या म्हाताऱ्या बापाच्या आणि त्याच्या मुलाच्या मध्ये जाऊन उमटतात.

कायद्यात यावरही मार्ग आहे. हत्यार नको असेल तर ते परवानाधारक व्यापाऱ्यास विकता येते किंवा ठाण्यात जमा करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने तर एका माणसाजवळच्या हत्यारांची मर्यादाच तीनवरून दोनवर आणली आणि आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. संसदेला जे कळले ते आपल्या मंडळाला कळू नये, असे काही नाही.

ज्या तिघांनी मला अर्जाविषयी विचारले होते, त्यांना माझी विनंती आहे. त्या पैशांतून मागच्या अंगणात दिवा लावावा, दाराला चांगले कुलूप बसवावे, आणि उरतील त्यांतून शेजाऱ्यास एकदा जेवावयास बोलवावे. परमुलखात रात्री अडीच वाजता हाक मारली तर तोच धावून येणार आहे. आणि घरात जुने पिस्तूल असलेच, तर आज रात्री नळी भिंतीकडे करून त्याचा वरचा भाग एकदा मागे ओढून पाहावा. मॅगझिन कपाटात आहे, एवढ्यावर विसंबू नये.

अण्णांचा फोन परवा आला. प्रकृतीची चौकशी झाली, हवापाण्याचे बोलणे झाले. फोन ठेवताना ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात ये. त्या व्यापाऱ्याकडे दोघे मिळून जाऊ. क्रमांक तेवढा लिहून घे, नोंदीत चूक नको." कागदपत्रे मी तयार ठेवली आहेत.